साधनाची भूक

पनवेलास राहणाऱ्या माणसास उन्हाळ्यांत एक नीतिप्रश्न पहाटेच दाराशीं भेटतो. गाढी नदीवर देहरंग येथें गांवाचें जुनें धरण आहे. आषाढांत तें तुडुंब भरून सांडव्यावरून वाहूं लागतें, आणि वैशाखांत त्याचा तळ दिसूं लागतो. १८५२ सालीं येथें नगरपालिका स्थापन झाली, २०१६ सालीं महानगरपालिका आली. वस्ती कितीतरी पटींनीं वाढली, पण धरण कांहीं तिच्याबरोबर वाढलें नाहीं. मग उन्हाळा आला कीं ठराविक तास आणि बारीक धार. अशा वेळीं आळींतील एखादा गृहस्थ आपल्या नळास थेट पंप जोडतो. त्याची टांकी वीस मिनिटांत भरते. आळीच्या टोंकास असलेल्या घरांतील बाई नळाखालीं रिकामी बादली ठेवून उभी असते, व शेवटीं "आज पाणी आलंच नाही" असें म्हणून आंत जाते. पंप लावणारा गृहस्थ दुष्ट नसतो. आपण कोणाचें कांहीं हिसकावलें असें त्यास वाटत नाहीं. त्यानें एक बटण दाबलेलें असतें, एवढेंच. टोंकाच्या घरांतील बाईसही चोर दिसत नाहीं; तिला केवळ कोरडा नळ दिसतो. ज्या अपराधांत अपराध करणारा व तो सोसणारा हे एकमेकांच्या दृष्टीस पडतच नाहींत, त्याचा न्याय कसा करावा? हा प्रश्न आम्ही वर्गांत पुष्कळदां घातला आहे. परंतु त्याचें उत्तर शोधण्याची वेळ आमच्यावर पाण्यामुळें आली नाहीं. ती एका जुन्या संगणकामुळें आली.

आम्ही महाविद्यालयांत तर्कशास्त्र व नीतिशास्त्र शिकवितों. संगणक हा आमचा विषय नव्हे. परंतु कांहीं वर्षांपूर्वीं ग्रंथालयाची देखरेख आमच्याकडे आली, आणि तिच्याबरोबर कोपऱ्यांतील तो संगणकही आला. ग्रंथालयांत पुस्तकें किती, तीं कोणीं नेलीं, कोणीं परत केलीं, कोणाकडे किती दंड बाकी आहे, ह्या सर्वांची नोंद त्यांतील डेटाबेसांत होती. डेटाबेस म्हणजे नोंदींचा असा कोष, कीं ज्यांतून हवी ती नोंद क्षणांत काढतां यावी व जेथें कोणतीही नोंद अर्धवट राहूं नये. ह्या कोषाचा सांभाळ एक प्रोग्रॅम अहोरात्र करीत असतो. त्यास सर्व्हर म्हणतात. आमचा सर्व्हर मारियाडीबी नांवाचा होता. त्यास आज्ञा देण्यासाठीं, तक्ते पाहण्यासाठीं, नोंदींची प्रत काढून ठेवण्यासाठीं जें वेगळें साधन वापरतात, तें कारभाऱ्याचें साधन. सर्व्हर हा कोठीवाला, आणि हें साधन म्हणजे कोठीवाल्यास हुकूम पोंचविणारा हुजऱ्या, असें समजलें तरी चालेल.

संगणकाची स्मृति दोन प्रकारची असते. डिस्कवर लिहिलेलें वीज गेली तरी टिकतें, पण तेथून तें शोधून आणण्यास वेळ लागतो. दुसरी स्मृति म्हणजे जिला सर्वजण मेमरी म्हणतात ती. ती अत्यंत जलद, पण थोडी. आणि जें काम ह्या घटकेस चालू आहे, तें ह्या थोडक्या जागेंत बसवावें लागतें. आमच्या संगणकाची मेमरी दोन गिगाबाइट होती. वारंवार लागणाऱ्या नोंदी हाताशीं राहाव्या म्हणून सर्व्हर मेमरीचा एक भाग स्वतःकडे राखून ठेवतो. त्याचे निर्माते ह्या कामीं मुळांत १२८ मेगाबाइट नेमून देतात. आम्हीं कोणाच्या तरी सल्ल्यावरून त्याची आठपट, म्हणजे एक गिगाबाइट, दिली होती. उरलेल्या एका गिगाबाइटांत संगणकाचा मूळ कारभार, कचेरीचे किरकोळ प्रोग्रॅम, आणि आमचें साधन, असे सर्वजण राहत होते. एकच टांकी, आणि तिच्यावर चार नळ.

निकाल लागून गेले होते व दाखल्यांचे दिवस होते. महाविद्यालय सोडून जाणाऱ्या विद्यार्थ्याकडे ग्रंथालयाचें कांहीं देणें नाहीं, असें प्रमाणपत्र मिळाल्याखेरीज त्यास पुढचा दाखला मिळत नाहीं. खिडकीपुढें मोठी रांग होती. आंत बसलेल्या आम्हांस अकस्मात् एक जिज्ञासा झाली: गेल्या दहा वर्षांत तत्त्वज्ञानाचीं पुस्तकें किती जणांनीं नेलीं असतील? हा प्रश्न रांगेंतील कोणाचाही नव्हता. आठ दिवसांनीं विचारला असता तरी तत्त्वज्ञानाचें कांहीं बिघडलें नसतें. परंतु आम्हीं तेव्हांच, त्याच संगणकावर, खिडक्या व चित्रें असलेलें एक भलें मोठें साधन उघडलें. उघडतांच त्यानें कित्येक शें मेगाबाइट जागा व्यापली. नेमका प्रश्न कोणत्या शब्दांत विचारावा हें आठवेना, म्हणून आम्हीं देवघेवीचा संपूर्ण तक्ताच मागितला. पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत, सर्व रकान्यांसह. एका वेळीं थोड्याच ओळी दाखविण्याची जी मर्यादा त्या साधनांत होती, ती आम्हींच काढून टाकली. पडदा थिजला. डिस्कचा दिवा अखंड पेटून राहिला. दोन-तीन मिनिटांनीं खिडकींत बसलेले लेखनिक मागें वळून म्हणाले, "सर, सर्व्हर गेला."

काय झालें तें आम्हांस मागाहून समजलें. लिनक्स नांवाच्या ज्या मूळ व्यवस्थेवर तो संगणक चालत होता, तिच्या गाभ्यास कर्नल म्हणतात. मेमरी संपत आली कीं कर्नल प्रथम कमी लागणाऱ्या गोष्टी डिस्कवर हलवून जागा करूं पाहतो. त्यामुळें सर्वांचीच गति मंदावते. तेवढ्यानेंही भागलें नाहीं, तर सर्व संगणक ठप्प होण्यापेक्षां एकाचा बळी द्यावा, असा त्याचा राजधर्म आहे. हें काम करणाऱ्या भागास औट ऑफ मेमरी किलर असें उघड नांवच दिलेलें आहे. बळी निवडण्याची त्याची रीत साधी आहे: विशेष सूचना नसेल, तर ज्यानें सर्वांत अधिक मेमरी व्यापली असेल, त्यास मारावें. आमच्या संगणकांत सर्वांत अधिक मेमरी कोणापाशीं होती? ज्यास आम्हींच एक गिगाबाइट नेमून दिला होता त्या सर्व्हरपाशीं. तो बिचारा आपल्या नेमलेल्या जागेंत, नेमलेलें काम करीत बसला होता. टांकी उपसली आमच्या साधनानें, आणि मारला गेला कोठीवाला.

सुदैवानें लिहिलेल्या नोंदी नाहींशा झाल्या नाहींत. चांगला सर्व्हर प्रत्येक फेरफार आधीं एका रोजकीर्दींत टिपून ठेवतो, व अवचित मरण आलें तरी पुन्हां उठल्यावर ती रोजकीर्द वाचून आपला कोष सुसंगत करतो. परंतु तो उठेपर्यंत, आणि त्यास उठविण्याची रीत आम्हांस सांपडेपर्यंत, कचेरीची वेळ संपली. रांगेंत एक मध्यम वयाचे गृहस्थ आपल्या मुलीबरोबर उभे होते. ते रोजंदारीवर काम करीत, व त्या दिवसाचा रोज बुडवून आले होते. त्यांनीं खिडकीशीं येऊन विचारलें, "सर, काय झालं? पोरीचा दाखला आज मिळेल ना?" आम्हीं म्हटलें, "सर्व्हर बंद पडला आहे. तुम्ही उद्यां या." ते मान हलवून गेले. दुसऱ्या दिवशीं, दुसरा रोज बुडवून, ते पुन्हां आले; आम्हीं प्रमाणपत्र स्वतः उठून त्यांच्या हातीं दिलें, आणि त्यांनीं आमचे आभार मानले. ते आभार आम्हीं स्वीकारले.

"सर्व्हर बंद पडला" हें वाक्य आम्हांस पुढें पुष्कळ दिवस टोंचत राहिलें. तें खोटें नव्हतें. सर्व्हर खरोखरच बंद पडला होता. आमच्या मराठी भाषेंत अशा वाक्यांची मोठी सोय आहे. कप फुटतो, यंत्र बिघडतें, कागद गहाळ होतो, काम राहून जातें. फोडणारा, बिघडविणारा, गहाळ करणारा कोणीच नसतो. अकर्मक क्रियापद हें निसर्गाच्या घटना सांगण्यासाठीं असतें. पाऊस पडतो, पान गळतें. माणसाच्या कृत्यास तें लावलें कीं कृत्याचें रूपांतर घटनेंत होतें, आणि घटनेची जबाबदारी कोणावरच नसते. तर्कशास्त्राच्या अध्यापकानें वाक्याची सत्यता तपासतांना केवळ तें वस्तुस्थितीशीं जुळतें कीं नाहीं एवढेंच पाहून चालणार नाहीं. त्या वाक्यानें ऐकणाऱ्याच्या मनांत कोणता समज उत्पन्न व्हावा अशी आपली इच्छा होती, हेंही पाहिलें पाहिजे. त्या गृहस्थांनीं यंत्रास दोष द्यावा, अशी आमची इच्छा होती. त्या अर्थीं तें वाक्य असत्य होतें.

पुढें संगणकाची रोजनिशी आम्हीं मुद्दाम उघडून पाहिली. अशा बळीची नोंद कर्नल व्यवस्थित करून ठेवतो. तींत दोन नांवें असतात: कोणत्या प्रोग्रॅमच्या मागणीच्या क्षणीं मेमरी संपली त्याचें, आणि कोणास मारलें त्याचें. प्रोग्रॅम सुरू करणाऱ्या माणसाचा हेतु तेथें नोंदलेला नसतो. तो नोंदण्यास यंत्रापाशीं रकाना नाहीं. यंत्राची रोजनिशी जेथें संपते, तेथून आपल्या विवेकाची सुरू होते, असें फार तर म्हणतां येईल; आणि विवेकाच्या रोजनिशींत आम्हीं त्या दिवसापुढें कांहींच लिहिलें नव्हतें.

आतां ह्या दोषाची वांटणी कशी करावी? पहिला उमेदवार म्हणजे तो गरीब संगणक. पुष्कळांनीं आम्हांस सांगितलें कीं, "दोन गिगाबाइटांवर असलीं कामें करावयाचींच नसतात, मोठें यंत्र घ्या." ह्या सल्ल्यांत तथ्य आहे, आणि तें आम्ही नाकारीत नाहीं. दारिद्र्यास वैराग्याचे कपडे घालून त्याची पूजा करणें हा आमच्या समाजाचा जुना दोष आहे. ज्या विद्यार्थ्यापाशीं चार गिगाबाइटांचें जुनें यंत्र आहे, त्यास "मर्यादेंतच कौशल्य फुलतें" असें सांगणें हा त्याचा उपहास होय. त्यास अधिक चांगलें यंत्र मिळालें पाहिजे. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेनें आपल्या देशांतच रचलेला टिफ्रॅक हा संगणक १९६० सालीं कार्यास लागला. त्याची मेमरी ४० बिटांचे २०४८ शब्द एवढीच होती. म्हणजे आजच्या मापानें सुमारें दहा किलोबाइट. आमच्या कोपऱ्यांतील ज्या यंत्रास आम्ही गरीब म्हणतों, त्याची मेमरी ह्याच्या सुमारें दोन लाख पट होती. टिफ्रॅकवर शास्त्रज्ञांनीं खरीं गणितें केलीं. परंतु त्यांनीं तें मेमरी थोडी होती म्हणून केलें नाहीं. ती थोडी असतांनाही केलें. अधिक मिळाली असती, तर त्यांनीं ती आनंदानें घेतली असती.

तथापि मोठें यंत्र घेतल्यानें प्रश्न सुटतो कीं पुढें ढकलला जातो, हें पाहिलें पाहिजे. स्विस संगणकशास्त्रज्ञ निक्लाउस विर्त ह्यांनीं १९९५ सालीं एका लेखांत अशी तक्रार केली होती कीं, यंत्रें ज्या वेगानें जलद होत आहेत, त्याहून अधिक वेगानें प्रोग्रॅम जड होत चालले आहेत. त्यानंतर तीस वर्षें लोटलीं, आणि त्यांचें म्हणणें खोटें ठरल्याचें आम्हांस तरी दिसत नाहीं. टांकी दुप्पट केली कीं पंपही दुप्पट शक्तीचा येतो. शिवाय मेमरी नेहमीं स्वस्तच होत जाईल, ही समजूतही २०२५ च्या अखेरीस डळमळली. कृत्रिम बुद्धिमत्तेच्या प्रचंड यंत्रशाळांनीं मेमरीची इतकी मागणी केली, कीं सामान्य माणसाच्या संगणकांत बसणाऱ्या पट्ट्यांचे भावही झपाट्यानें चढले. येथेंही वरच्या आळींत कोणीं तरी पंप लावला, आणि टोंकाच्या घरांत धार बारीक झाली.

दुसरा उमेदवार म्हणजे साधन निर्माण करणारा. तो स्वतः बहुधा उत्तम यंत्रावर काम करतो. त्याच्या मेजावर जें साधन क्षणांत उघडतें, तें आमच्या मेजावर मिनिटभर धापा टाकतें. परंतु ती धाप त्यास ऐकूं जात नाहीं. कारखानदारानें पूल बांधतांना त्यावरून स्वतःची हलकी मोटार जाते कीं नाहीं एवढेंच पाहून भागत नाहीं. सर्वांत जड गाडी जाईल कीं नाहीं हें पाहावें लागतें. साधनाच्या बाबतींत हें माप उलटें आहे: सर्वांत दुबळ्या यंत्रावर तें कसें वागतें, हें पाहिलें पाहिजे. सर्वच निर्माते बेफिकीर असतात, असें मात्र नाहीं. याकुब व्हराना नांवाच्या झेक प्रोग्रॅमरनें रचलेलें अ‍ॅडमिनर हें साधन एकाच फाइलींत सामावलेलें आहे, आणि रोजच्या बहुतेक गरजा तें भागवितें. मायएस्क्यूएल वर्कबेंच हें साधन आकारानें मोठें, तरी तेंसुद्धां मुळांत एका वेळीं एक हजार ओळींहून अधिक आणीत नाहीं. म्हणजे निर्मात्यांनीं पुष्कळदां मर्यादा घालून ठेवलेली असते. ती उठविणारा दुसराच कोणी असतो.

तो दुसरा म्हणजे आम्ही. आणि येथें आम्हांस पुण्याच्या पेशवे दफ्तराची आठवण होते. तेथें मोडी कागदांचे हजारों रुमाल, म्हणजे कापडांत बांधलेले गठ्ठे, आहेत. गोविंद सखाराम सरदेसाई ह्यांच्या संपादकत्वाखालीं १९३० च्या आगेमागे ह्या दफ्तरांतील निवडक कागदांचे ४५ खंड प्रसिद्ध झाले. असें काम करावयाचें तर रीत एकच: एक रुमाल सोडावा, त्यांतील कागद पाहावे, हवे ते टिपून घ्यावे, रुमाल पुन्हां बांधावा, जागीं ठेवावा, मग दुसरा घ्यावा. "सर्व दफ्तर माझ्या मेजावर आणून टाका, मग काय हवें तें पाहतों," असें म्हणणाऱ्या माणसास कोणीं संशोधक म्हटलें नसतें. मेज लहान आहे हें त्याचें एक कारण. परंतु मेज पुरेसें मोठें असतें, तरीही असें म्हणणाऱ्यास आपणांस काय हवें आहे हेंच ठाऊक नाहीं, असेंच आपण समजलों असतों. आम्हीं संपूर्ण तक्ता मागितला त्याचें खरें कारण तेंच होतें. विचार करण्याचे आमचे कष्ट वांचावे, म्हणून आम्हीं मेमरीस कष्ट दिले. वास्तविक "तत्त्वज्ञान ह्या वर्गांतील पुस्तकें नेणारे वाचक मोजून एक आंकडा दे," एवढेंच सर्व्हरला सांगितलें असतें, तर मोजणी त्यानें आपल्या नेमलेल्या जागेंत केली असती, व आमच्या हातीं एकच ओळ ठेवली असती.

त्या प्रसंगानंतर आम्ही लहान साधनें वापरण्यास शिकलों. केवळ अक्षरांनीं आज्ञा घेणारें मायएस्क्यूएलचें जुनें साधन फारच थोड्या जागेंत चालतें. मात्र तेंही सर्व उत्तर आधीं स्वतःच्या मेमरींत गोळा करतें व मग दाखवितें. त्यास 'क्विक' अशी सूचना दिली, तर तें एकेक ओळ घेऊन दाखवीत पुढें जातें. त्याच साधनांत दुसरी एक सूचना आहे. ती दिली, कीं कोणत्या ओळी बदलावयाच्या किंवा पुसावयाच्या तें नीट न सांगतां दिलेली आज्ञा तें नाकारतें, आणि एका वेळीं एक हजार ओळींहून अधिक उत्तर देत नाहीं. ह्या सूचनेचें सभ्य नांव 'सुरक्षित फेरफार' असें आहे. परंतु निर्मात्यांनीं तिला दुसरेंही एक नांव ठेवलें आहे, ज्याचा अर्थ 'मी अडाणी आहें' असा होतो. पदव्या घेतलेल्या माणसानें रोज सकाळीं कामास बसण्यापूर्वीं हीं अक्षरें स्वतःच्या हातानें लिहावीं, ह्यासारखें दुसरें नित्यकर्म आम्हांस ठाऊक नाहीं.

येथें एक प्रामाणिक आक्षेप येतो, आणि तो आमच्याच लेखनिकांनीं आणला. ते म्हणाले, "सर, तुम्हांला अक्षरं पाठ झाली, आम्हांला खिडक्या व तक्ते डोळ्यांनी दिसल्याशिवाय काम सुचत नाही. काळ्या पडद्यावर एक अक्षर चुकलं तर भीति वाटते." त्यांचें म्हणणें खरें होतें. मोठें साधन ही केवळ चैन नव्हे. अनेकांस तें नोंदींच्या जगाचें दार उघडून देतें. जें ज्ञान पूर्वीं थोड्या जाणत्यांच्या हातीं होतें, तें सामान्य कर्मचाऱ्याच्या हातीं देतें. सोय हेंही एक मूल्य आहे, आणि दुसऱ्याची सोय काढून घेऊन स्वतःच्या संयमाचा टेंभा मिरविणें हा संयमही नव्हे. मग काय करावें?

आम्हांस जें उत्तर सुचलें तें असें: सोय अवश्य घ्यावी, परंतु तिचें भाडें आपण भरावें, तें रांगेंतील माणसाकडून वसूल होऊं देऊं नये. मोठें साधन हवें, तर तें सर्व्हरच्या संगणकावर न चालवितां आपल्या मेजावरील दुसऱ्या संगणकावर चालवावें, व तेथून सर्व्हरला प्रश्न विचारावे. म्हणजे साधनाच्या भुकेनें थिजेल तो आपला पडदा. दुसरा संगणक नसेल, तर साधनास मेमरीची कमाल मर्यादा आधींच घालून द्यावी. लिनक्समध्यें तशी सोय आहे, आणि ती ओलांडल्यास मरण येतें तें त्या साधनासच. सर्व्हरलाही यंत्राच्या मानानें बेताचाच वांटा द्यावा. आमचें एक गिगाबाइटाचें औदार्यच त्याच्या जिवावर बेतलें होतें.

ह्या विषयाचा अभ्यास करतांना आम्हांस कर्नलच्या नियमांत एक गोष्ट आढळली, व ती नीतिशास्त्राच्या पाठांत सांगण्यासारखी वाटली. प्रत्येक प्रोग्रॅमपुढें एक आंकडा लिहितां येतो: उणें एक हजारापासून अधिक एक हजारापर्यंत. बळी निवडतांना कर्नल हा आंकडा हिशेबांत धरतो. उणें हजार म्हणजे ह्यास मुळींच मारूं नये. अधिक हजार म्हणजे सर्वांच्या आधीं ह्यास मारावें. आतां हा आंकडा कोणीं बदलावा? आपल्या प्रोग्रॅमपुढील आंकडा वाढविण्यास, म्हणजे "प्रसंग आल्यास आधीं मला घ्या" असें म्हणण्यास, कोणाचीही परवानगी लागत नाहीं. सामान्यांतील सामान्य वापरणाऱ्यास तें स्वातंत्र्य आहे. परंतु तो कमी करण्यास, म्हणजे "मला सोडा, दुसऱ्यास घ्या" असें म्हणण्यास, विशेष अधिकार लागतो. ज्यांनीं हा नियम केला त्यांच्या मनांत सुरक्षेचा विचार असेल, नीतीचा नसेल. तरीही त्याग करण्यास परवानगी लागूं नये, आणि सूट मागण्यास लागावी, हें कोणत्याही सुव्यवस्थित समाजाचें लक्षण म्हणून सांगतां येईल. आमच्या समाजांत बहुधा ह्याच्या उलट दिसतें.

आम्हीं मग आमच्या साधनापुढें वरचा आंकडा लिहिला, व सर्व्हरपुढें, अधिकार घेऊन, खालचा. म्हणजे आतां पुन्हां कधीं टांकी संपलीच, तर प्रथम कारभाऱ्याचा हुजऱ्या जाईल, कोठीवाला राहील, आणि खिडकी चालू राहील. असें त्यानंतर एकदां झालेंही. आमच्या डोळ्यांसमोर आमचें साधन अदृश्य झालें. अर्ध्या तासाचें काम वायां गेलें. बाहेर रांग चालतच होती. कोणास कांहीं कळलें नाहीं, आणि तसें तें कळण्याचें कारणही नव्हतें.

तरी हा नियम म्हणजे सर्व प्रायश्चित्त नव्हे. यंत्राची व्यवस्था लावून दिली म्हणजे माणसाची व्यवस्था लागत नाहीं. ज्या गृहस्थांचे दोन रोज बुडाले, त्यांतील दुसरा आमच्यामुळें बुडाला, हें त्यांस आम्हीं कधीं सांगितलें नाहीं. आणि आतां त्यांस कोठें शोधावें हें आम्हांस ठाऊक नाहीं. सांगितलें असतें तर त्यांचा रोज परत आला नसता, हें खरें. परंतु निदान त्यांनीं आभार मानले नसते. मानले असते, तर ते जाणून मानले असते. आपणांवर कोणीं अन्याय केला आणि कोणीं उपकार केला, हें ओळखण्याचा प्रत्येकाचा हक्क आहे, व तो आम्हीं एका अकर्मक क्रियापदानें हिरावून घेतला. थोडी मेमरी असलेल्या यंत्रास आम्ही क्षमा करूं शकतों. त्यास जितकें दिलें तितकेंच तें धरूं शकतें. माणसाची स्मृति मात्र जें सोयीचें तेवढेंच धरते, आणि तिचा दोष जागेच्या टंचाईचा नसतो.

परवां आमच्याच इमारतीच्या सभेंत नळास पंप लावण्याचा प्रश्न निघाला. "पाणी कमी येतं" असें एकजण म्हणाले, आणि सर्वांनीं माना हलविल्या. आम्हीं हलकेंच विचारलें, "कमी येतं, कीं कोणी अधिक ओढतं?" सभेंत क्षणभर शांतता पसरली, आणि मग विषय दुसरीकडे वळला. असो. ग्रंथालयांतील तो संगणक अजून आहे. त्याच्या शेजारीं भिंतीवर आम्हीं आमच्याच हस्ताक्षरांत एक ओळ लिहून चिकटविली आहे, आणि ती मुख्यतः आमच्यासाठींच आहे: "रांग उभी असतांना आपले प्रश्न विचारूं नयेत."